पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे मराठीत म्हणतात. ज्याला एका जागी थारा नाही, ज्याची चूल आज इथे तर उद्या तिथे, त्याच्याविषयी हे उद्गार निघतात आणि त्यांत थोडी कीव, थोडा उपहास असतो. स्थिर घर, दारात तुळस आणि कोपऱ्यावर ओळखीचा वाणी असावा, हीच सामान्य गृहस्थाची सुखाची कल्पना. परंतु काळाचा महिमा असा, की जे बिऱ्हाड पूर्वी नाइलाजाने पाठीवर घ्यावे लागे, ते आता काही लोक आयुष्याची पुंजी खर्चून हौसेने विकत घेऊ लागले आहेत. चाकांवरच्या या घराला कोणी मोटारहोम म्हणतात, कोणी कॅराव्हान, तर कोणी कॅम्पर व्हॅन. नाव कोणतेही असो, त्यात निजायला खाट, शिजवायला ओटा, छोटे न्हाणीघर आणि पुढे चालकाची जागा असते.

अशी हौस कोठे उपजते, हे पाहण्यासाठी बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या व्हाइटफील्डकडे नजर टाकावी. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतींसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. त्या वसाहतींपैकी एक ही, आणि त्या समाजाच्या संघटनेचे संस्थापक व्हाइट यांच्यावरून तिला हे नाव पडले. निवृत्तांनी शेतीवाडी करून शांतपणे दिवस काढावेत, अशी ती बेताची वस्ती. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे संगणकाच्या उद्योगांनी बस्तान मांडले आणि पाहता पाहता तिचे शहर झाले. २०२३ मध्ये मेट्रोही येऊन पोहोचली. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी अशा ठिकाणांहून आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. गृहस्थाने वीस वर्षे नोकरी केली, मुले मार्गी लागली, आता निवृत्ती जवळ आली. मूळ घर सावंतवाडीकडे. वृद्ध आई तेथून हलायला तयार नाही. मुलगी पुण्यास, भाऊ कोल्हापुरास. कोणाकडे ओझे होऊ नये आणि कोणाला मुकूही नये, अशी पतिपत्नींची इच्छा. एके दिवशी गृहस्थ प्रस्ताव मांडतो, की भविष्यनिर्वाह निधीतून एक मोटारहोम घ्यावे. पत्नी व्यवहारी आहे. ती म्हणते, "अहो, एवढे मोठे धूड आईंच्या पाणंदीतून जायचे कसे? भाजी आणायला तेच काढणार का?" यावर गृहस्थाकडे उत्तर तयार असते. अमेरिकेत अशा घरांच्या मागे एक छोटी मोटार बांधून नेतात, ते त्याने पाहिलेले असते. घर मुक्कामी उभे करावे आणि छोटी मोटार सोडून गावात हिंडावे. उत्तर बिनतोड वाटते. ते खरोखर तसे आहे काय, हा प्रश्न निधीचा धनादेश लिहिण्यापूर्वीच सोडविला पाहिजे.

हौसेखातर अशा फिरत्या घरात राहण्याची चाल तशी जुनी आहे. व्हाइटफील्ड वसले त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ साली, गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टर-लेखकाने ब्रिटनमध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांची कॅराव्हान बांधून घेतली आणि तीतून इंग्लंड ओलांडून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. सुमारे दोन टनांची ती गाडी दोन घोडे ओढीत. तिच्यापुढे स्टेबल्सचा सेवक तीनचाकी सायकलवर बसून वाटेतल्या लोकांना सावध करीत जाई. मोठ्या घराबरोबर एखादे छोटे वाहन हवे, ही गरज तेव्हाच पटलेली होती. मात्र ते छोटे वाहन स्वतःच्या चाकांवर आणि स्वतःच्या चालकासह जात होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रथम मोठ्या वाहनाचा विचार करू जाता, पहिली पायरी कागदपत्रांची आहे. जुनी प्रवासी गाडी स्वस्तात घ्यावी, आसने काढून टाकावीत आणि सुताराकडून खाटा ठोकून घ्याव्यात, हा मोह अनेकांना होतो. परंतु मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात ही मनाई ठामपणे अधोरेखित केली आहे. मोटार कॅराव्हानसाठी वाहन उद्योग मानक क्रमांक १२४ अस्तित्वात आहे. त्याप्रमाणे मान्यता मिळालेले वाहनच घ्यावे आणि नोंदणीपुस्तकात त्याचा प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेनुसार परिवहनेतर वाहनांत मोडते. ती भाड्याने देऊ लागल्यास मात्र नियम बदलतात. परवानगीवाचून फेरफार केलेल्या वाहनास अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारण्यास कारण शोधणारच. एका सुताराची मजुरी वाचविण्यात सारी पुंजी उघड्यावर टाकण्यासारखे ते आहे.

आपल्याकडील बरीच मोटारहोमे ट्रॅव्हलरसारख्या प्रवासी गाडीच्या सांगाड्यावर उभारलेली असतात. ही गाडी बनविणारी पुण्याची कंपनी १९५८ साली बजाज टेंपो या नावाने सुरू झाली आणि २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. तिच्या जुन्या नावातला 'टेंपो' तर मराठीत सामान्यनामच होऊन बसला. अशा सांगाड्यावरचे घर सर्वसाधारणपणे चार टनांच्या आसपास भरते. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्याची मर्यादा ७,५०० किलोंची असल्याने ते चालविण्यास वेगळा जड वाहनाचा परवाना सहसा लागत नाही. परंतु परवाना असणे वेगळे आणि हात बसणे वेगळे. लांबी, उंची आणि मागे लोंबणारा भाग यांचा अदमास येईपर्यंत रिकाम्या मैदानात सराव करावा. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत लोंबणाऱ्या तारा आणि झाडांच्या फांद्या यांची गाठ पडते ती छताशी, चाकांशी नव्हे.

दुसरा प्रश्न जागेचा. व्हाइटफील्डमधील बहुतेक कुटुंबे उंच इमारतींत राहतात आणि त्यांच्या मोटारी तळघरात उभ्या राहतात. अशा तळघरांच्या तुळया साधारण सव्वादोन-अडीच मीटरांवर असतात. मोटारहोमची उंची पावणेतीन-तीन मीटरांपर्यंत जाते. म्हणजे घर विकत घेतले, पण त्याला उभे राहायला घर नाही, अशी अवस्था. सोसायटीची लेखी संमती, उघड्यावरची जागा आणि तिचे भाडे हे सारे खरेदीपूर्वी ठरले पाहिजे. शिवाय उभे वाहन चालत्या वाहनाइतकेच झिजते. टायर एकाच जागी दबून बसतात आणि वयाने कडक होतात, बॅटरी उतरते, उंदीर तारा कुरतडतात. वर्षातून तीन आठवडेच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला उरलेले एकोणपन्नास आठवडे या घराची राखण करावी लागते.

तिसरी गोष्ट वजनाची. वाहनाच्या कागदावर त्याचे कमाल एकूण वजन लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केले म्हणजे काय उरते ते माणसे, सामान आणि पाणी यांच्यासाठी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माणशी रोज पंचवीस लिटर धरले, तर तिघांना दोन दिवसांसाठी दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो पाणी लागेल. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला जी पाणीटंचाई झाली, तीत टँकरची वाट पाहिलेल्या व्हाइटफील्डकरांना पाण्याचा हिशेब शिकवावा लागणार नाही. पाणी, वाणसामान, गाद्या आणि भांडी भरून झाल्यावर वाहन एकदा वजनकाट्यावर नेऊन तोलावे. काट्यावरचा आकडा अंदाजापेक्षा जास्त येतो, असाच सर्वांचा अनुभव आहे.

विजेचेही असेच. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असता तीत २.४ युनिट वीज असते. पंखे, दिवे आणि लहान शीतकपाट यांना ती रात्रभर पुरेल. परंतु एक किलोवॅट खेचणारे वातानुकूलन यंत्र ती दोन-सव्वादोन तासांत रिकामी करील. मग जनरेटर लागतो, आणि खरा धोका तेथे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हानमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने हा मृत्यू ओढवल्याचे तपासात पुढे आले. या वायूला ना रंग, ना वास. निजलेला माणूस जागाच होत नाही. यास्तव निजताना जनरेटर चालू ठेवू नये, बंद घरात शेगडी पेटवून ऊब घेऊ नये, आणि या वायूची सूचना देणारे यंत्र खाटेजवळ बसवावे. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोके हवीत आणि चालत्या वाहनात सिलिंडर बंदच असला पाहिजे.

इतके सारे जमविल्यावर मागे बांधावयाच्या मोटारीचा विचार येतो. परदेशात यासाठी तीन रीती आहेत. पहिलीत छोटी मोटार चारही चाके जमिनीवर ठेवून लोखंडी दांड्याने जोडतात. दुसरीत तिची पुढची दोन चाके एका लहान गाड्यावर चढवितात. तिसरीत संपूर्ण मोटारच ट्रेलरवर ठेवतात. पहिली रीत सर्वांत सोपी दिसते, पण तिच्यात अडचणी पुष्कळ आहेत. बहुतेक स्वयंचलित गिअरच्या मोटारींत गिअरपेटीत तेल फिरविणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके मैलोगणती फिरली, तर तेल न मिळाल्याने आतले भाग जळून जातात. विजेच्या मोटारीची चाके फिरताना मोटरही फिरते, म्हणून असे ओढण्यास उत्पादक सहसा मनाई करतात. सुकाणूचे कुलूप उघडे ठेवावे लागते. शिवाय जोडणी अशी असते, की मोटारहोम काही फूटही धडपणे मागे घेता येत नाही. मागच्या मोटारीची पुढची चाके वाकडी होऊन अडतात. चुकीच्या गल्लीत शिरलेल्याने मोटार सोडायची, गाडी फिरवायची, पुन्हा जोडायची, आणि तोवर मागच्यांनी भोंगे वाजवायचे!

याहून मोठी गोष्ट ब्रेकांची. चार टनांच्या घरामागे एक टनाची मोटार जोडली, की एकूण भार चौथ्या हिश्शाने वाढतो. ब्रेक मात्र पुढच्या वाहनाचेच. पाच टनांचे हे जोडवाहन घाटात पाचशे मीटर खाली उतरले, तर जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे सात युनिटांची, म्हणजे एक किलोवॅटची विजेची शेगडी जवळजवळ सात तास पेटत ठेवण्याइतकी. इंजिनाचा अवरोध वापरला नाही, तर ही सारी उष्णता अर्ध्या तासात ब्रेकांना गिळावी लागते. सावंतवाडीस उतरणारा आंबोलीचा घाट, त्याची वळणे आणि पावसाळ्यातले धुके ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ अधिक सांगणे नको. म्हणूनच परदेशात मागच्या मोटारीला स्वतंत्र ब्रेक लावणारी यंत्रणा, सुरक्षेच्या साखळ्या आणि दिव्यांची जोडणी या गोष्टी आवश्यक मानतात.

परंतु भारतात या सर्वांच्या आधी कायदाच आडवा येतो. १९८९ च्या रस्ते वापराच्या नियमांत स्पष्ट म्हटले होते, की नादुरुस्त किंवा अर्धवट जुळणी झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर अथवा साइडकार यांवाचून दुसरे कोणतेही वाहन ओढून नेता येणार नाही. नादुरुस्त वाहन ओढतानाही दोन वाहनांतील अंतर पाच मीटरांहून अधिक असू नये, वेग ताशी २४ किलोमीटरांपलीकडे जाऊ नये आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या सुकाणूवर परवानाधारक माणूस असावा किंवा त्याची सुकाणूची चाके जमिनीवरून उचललेली असावीत, अशा अटी होत्या. २०१७ साली नवे नियम आले, तरी मूळ तत्त्व टिकून आहे. सारांश, सुस्थितीतली मोटार केवळ सोयीसाठी दांड्याने बांधून बंगळूरहून पुण्यास नेणे हे आपल्या कायद्यात बसत नाही. मोटारीच्या तोंडाशी जो आकडा असतो, तो बंद पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी असतो, साडेआठशे किलोमीटरांच्या प्रवासासाठी नव्हे.

उरला तो ट्रेलरचा मार्ग. ट्रेलर मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत हवा, त्याला स्वतःचे दिवे आणि ब्रेक हवेत, आणि मुख्य म्हणजे ओढणाऱ्या वाहनाच्या उत्पादकाने तेवढे वजन ओढण्याची क्षमता लेखी मान्य केलेली हवी. मोटारीत ट्रेलरचे वजन मिळविले, की तो भार सहज सव्वा टनाच्या वर जातो. चार टनांच्या घरासाठी बनविलेला सांगाडा एवढे जास्तीचे ओझे पेलतो की नाही, याचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनात नसून उत्पादकाच्या कागदात असते. कागद नसेल, तर तो विचार तेथेच सोडावा.

मग पत्नीच्या प्रश्नाला उत्तर काय? उत्तर त्या स्टेबल्सच्या तीनचाकीत दडले आहे. छोटे वाहन हवेच असेल, तर ते स्वतःच्या चाकांवर जावे. पतिपत्नी दोघांकडे परवाना असेल, तर एकाने घर चालवावे, दुसऱ्याने छोटी मोटार, आणि दर दोन तासांनी थांबून चहाबरोबर चालकांची अदलाबदल करावी. इंधन अधिक लागेल, हे खरे. परंतु ट्रेलरची किंमत, त्याची नोंदणी आणि त्याला लागणारी जागा यांच्याशी तुलना केली तर हा मार्ग महाग पडत नाही. हे नको असेल, तर घडीची सायकल आत ठेवावी. स्कूटर मागच्या बाजूस टांगण्याची हौस असल्यास मागचे दिवे आणि नोंदणीची पाटी झाकली जाणार नाही आणि मागच्या आसावर जादा भार येणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गावातली रिक्षा. कोकणातल्या कोणत्याही तिठ्यावर ती मिळते आणि तिच्या चालकाला प्रत्येक पाणंद ठाऊक असते.

मार्गाविषयी दोन शब्द. व्हाइटफील्डहून निघताना शहर ओलांडण्याऐवजी होसकोटे, देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर असे बाहेरून जाऊन दाबसपेठेस ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गाठावा. पुढे चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी करीत बेळगाव, आणि तेथून एक वाट कोल्हापूर-पुण्याकडे, दुसरी आंबोलीकडे. दिवसाकाठी तीनशे किलोमीटर पुरे समजावेत आणि दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठावा. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावा. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी. मुक्कामासाठी धाबा, पेट्रोलपंप किंवा ओळखीचे अंगण आधी विचारून ठेवावे, कारण केंद्राने २००९ मध्ये, आणि महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाची धोरणे जाहीर केली असली, तरी पाणी, वीज आणि मैलापाणी सोडण्याची सोय असलेले तळ अद्याप विरळच आहेत. मैलापाण्याची टाकी ओढ्यात किंवा शेताच्या बांधाआड रिकामी करणे हा ज्या गावाचा पाहुणचार घ्यायचा त्याचाच अपराध होय. ती शौचालयाच्या टाकीत, मालकाच्या संमतीनेच सोडावी.

या साऱ्या विवेचनाचा अर्थ मोटारहोम घेऊच नये, असा नाही. निधी मोडण्यापूर्वी एक आठवडा असे वाहन भाड्याने घ्यावे, एवढेच. बंगळुरात ती सोय आहे. त्या आठवड्यात पतिपत्नींनी पाणी भरावे, टाकी रिकामी करावी, पावसात एक रात्र काढावी आणि एक घाट चढून उतरावा. सात दिवसांनंतरही दोघांची हौस कायम असेल, तर खरेदीस हरकत नाही. एकाचीच उरली असेल, तर भाड्याचे पैसे सत्कारणी लागले, असे समजावे.

आणि सावंतवाडीच्या आईचे काय? मुलगा किती मोठे घर घेऊन आला, याचे तिला अप्रूप असेलही. परंतु ती वाट पाहते ती मुलाची. पाणंदीच्या तोंडाशी घर उभे करून ती दोघे शेवटचा फर्लांगभर पायी चालत आली, तरी तिच्या अंगणात काही उणे पडणार नाही. विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीला पेलते, कारण ते त्याच्या पाठीएवढेच असते. चाकांवरचे बिऱ्हाड घेणाऱ्यानेही आपली पाठ आधी मोजावी आणि मागे शेपूट बांधण्याचा मोह आवरावा. म्हणजे तो प्रवासाला निघेल आणि सुखरूप घरी पोहोचेल.